स्वयंसेवकांचे पर्यवेक्षण

स्वयंसेवकांचे पर्यवेक्षण म्हणजे वेतन न घेता सार्वजनिक काम करणाऱ्या व्यक्तींची निवड करणे, त्यांना कामासाठी तयार करणे, कामाचे वाटप करणे, काम चालू असताना मार्गदर्शन व देखरेख ठेवणे आणि कामाअखेर त्याचे मूल्यमापन करणे. ही जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीस संस्थेनुसार पर्यवेक्षक, समन्वयक, दलप्रमुख, शिबिरप्रमुख किंवा कार्यक्रम अधिकारी असे म्हणतात. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, साक्षरता मोहिमा, श्रमदान, यात्रा-वाऱ्यांची व्यवस्था, आपत्तीतील मदतकार्य आणि सर्वेक्षणे या सर्व ठिकाणी कामाचा दर्जा बऱ्याच अंशी पर्यवेक्षणावर अवलंबून असतो. पर्यवेक्षण ढिले असेल तर स्वयंसेवकांचा उत्साह मावळतो. शिवाय ज्यांच्यासाठी काम केले जाते त्यांचेही नुकसान होऊ शकते.

स्वरूप

पगारी नोकरीत वरिष्ठांच्या अधिकाराला वेतन, बढती आणि सेवाशर्ती यांचे पाठबळ असते. स्वयंसेवकाच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. तो स्वेच्छेने येतो आणि काम पटले नाही तर फारसे न बोलता येणे बंद करतो. पर्यवेक्षकाचा अधिकार त्यामुळे तीन गोष्टींवर उभा असतो: कामाचे प्रयोजन स्पष्ट असणे, वागणूक न्याय्य असणे आणि पर्यवेक्षक स्वतः कामात उतरणारा असणे.

याचा अर्थ स्वयंसेवकाला जाब विचारता येत नाही असा नाही. सर्वेक्षणातील खोटी नोंद, रुग्णाला दिलेली चुकीची माहिती किंवा लहान मुलाशी केलेले गैरवर्तन यांचे परिणाम काम विनामूल्य केल्याने सौम्य होत नाहीत. ‘फुकट काम करतो आहे, त्याला काय बोलायचे’ ही भिडेची भूमिका आणि ‘माणसे काय, आणखी मिळतील’ ही बेफिकिरी या दोन्हींपासून दूर राहणे हे पर्यवेक्षणातील मुख्य कौशल्य मानले जाते.

लोक स्वयंसेवक का होतात याचा अभ्यास मानसशास्त्रातही झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल क्लॅरी, मार्क स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांडणीत सहा प्रेरणा सांगितल्या आहेत: मूल्यांची अभिव्यक्ती, नवे शिकणे, सामाजिक संबंध, व्यवसायाची तयारी, आत्मविकास आणि स्वतःच्या अडचणींतून काही काळ सुटका. एकाच कामावर आलेल्या दोघांच्या प्रेरणा वेगळ्या असू शकतात. केवळ गुणांसाठी आलेला विद्यार्थी आणि गावाच्या ओढीने आलेला विद्यार्थी यांना एकाच शब्दांत प्रोत्साहन देऊन भागत नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

‘स्वयंसेवक व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग अलीकडचा असला तरी बिनपगारी माणसांकडून शिस्तीने काम करून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पंढरपूरच्या वारीत हजारो वारकरी दिंड्यांमध्ये विभागून चालतात. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी होणाऱ्या समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सर्व दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणे ऐकतात आणि त्याची तड लावली जाते. तक्रार कोठे, केव्हा आणि कोणाकडे मांडायची हे प्रत्येकास ठाऊक असलेली ही व्यवस्था पर्यवेक्षणाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

संत गाडगेबाबा (1876–1956) गावात गेल्यावर आधी स्वतः खराटा हातात घेत, ग्रामस्थ मागाहून सामील होत. पुढाऱ्याच्या कृतीतून अनुयायी घडतात, हे तत्त्व त्यातून दिसते. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांतील सेवेला संस्थात्मक रूप दिले. 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलात शाखा आणि शिबिरे यांतून कार्यकर्ते घडवण्यावर भर होता. बाबा आमटे यांनी 1967 मध्ये सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात ‘सेवाधारी’ पाळीपाळीने विनावेतन सेवा करतात. कामाचा काळ ठरलेला असल्यामुळे घरसंसार सांभाळून सेवा करणे त्यांना शक्य होते.

राष्ट्रीय सेवा योजनेतील रचना

विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवी कामाची देशातील सर्वांत परिचित रचना राष्ट्रीय सेवा योजनेची आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत ती सुरू केली. तेव्हा सुमारे 40,000 विद्यार्थी तीत सहभागी होते. परभणी जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालयांत ही योजना 1994 मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामार्फत चालते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही तिची पथके असतात.

सर्वसाधारणपणे 100 विद्यार्थ्यांचे एक पथक आणि त्यावर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी असतो. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास, म्हणजे दरवर्षी 120 तास सेवा करणे अपेक्षित असते. याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर होते आणि पथकातील निम्म्या विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेणे अपेक्षित असते. कार्यक्रम अधिकाऱ्यासाठी उद्बोधन व उजळणी प्रशिक्षणाची तरतूद आहे. शिकवणे आणि पर्यवेक्षण ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे या तरतुदीत गृहीत धरलेले आहे. वर्गात शिक्षकाला विषयाचे उत्तर माहीत असते. गावात त्याला अनेकदा विद्यार्थ्यांबरोबरच उत्तर शोधावे लागते.

100 विद्यार्थ्यांवर एकट्याने लक्ष ठेवणे शक्य नसते. म्हणून पथकाचे लहान गट पाडून प्रत्येक गटास विद्यार्थी गटप्रमुख नेमण्याची पद्धत रूढ आहे. साक्षरता मोहिमांतही अशीच उतरंड दिसते. 1988 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानात साधनव्यक्ती, मुख्य प्रशिक्षक आणि प्रत्यक्ष शिकवणारे स्वयंसेवक अशी साखळी होती. 2022 पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा पायाही स्वयंसेवी अध्यापन हाच आहे.

पर्यवेक्षणाचे टप्पे

निवड आणि अपेक्षा

स्वयंसेवक येण्यापूर्वीच काम निश्चित झालेले असावे लागते. काम कोणते, किती दिवसांचे, रोज किती तासांचे, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या गोष्टींना मनाई, एवढे एका कागदावर लिहून दिले तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. प्रवासखर्च, भोजन आणि निवास यांपैकी काय मिळेल व काय मिळणार नाही हेही आधी सांगणे आवश्यक असते. काम आकर्षक करून सांगण्याच्या मोहात त्यातील कंटाळवाणा भाग झाकला, तर स्वयंसेवक पहिल्या आठवड्यातच गळतात.

तयारी

तयारीत कामाची माहिती आणि प्रत्यक्ष सराव या दोन्हींचा समावेश होतो. शालेय शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीतील पद्धत या बाबतीत उल्लेखनीय आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 मध्ये सुरू झालेल्या या पाहणीच्या देशव्यापी फेऱ्यांत ग्रामीण जिल्ह्यातील 30 गावे आणि प्रत्येक गावातील 20 घरे निवडली जातात. घरोघर जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासण्याचे काम मुख्यतः स्थानिक महाविद्यालये व संस्थांमधील स्वयंसेवक करतात. त्यांना आधी वर्गात प्रशिक्षण, नंतर गावात सराव आणि शेवटी लेखी चाचणी असा क्रम असतो. प्रशिक्षकांनाही आधी राज्यपातळीवर प्रशिक्षण दिले जाते.

कामाचे वाटप

वाटप करताना आवड, कुवत आणि गरज यांचा मेळ घालावा लागतो. मितभाषी विद्यार्थी नोंदी काटेकोर ठेवतो, तर बोलका विद्यार्थी घरोघरी लवकर मिसळतो. दोघांची जोडी केल्यास दोघेही शिकतात. स्वयंपाक व झाडलोट मुलींकडे आणि मोजमाप व भाषणे मुलांकडे अशी सवयीची वाटणी झाली, तर सेवेच्या नावाखाली जुनी विषमताच पक्की होते. कामे पाळीपाळीने बदलणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

देखरेख

मदत वेळेवर मिळावी आणि चूक वाढण्याआधी लक्षात यावी, हे देखरेखीचे दोन हेतू असतात. नवख्या स्वयंसेवकाला बारीकसारीक सूचना हव्या असतात. अनुभवी स्वयंसेवकाला त्याच सूचना अविश्वासासारख्या वाटतात. पॉल हर्सी आणि केनेथ ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडलेल्या परिस्थितीनुरूप नेतृत्वाच्या सिद्धान्तात हाच विचार आहे. त्यानुसार व्यक्तीची त्या विशिष्ट कामातील तयारी पाहून आदेश, समजावणी, सहभाग आणि पूर्ण मोकळीक यांपैकी योग्य रीत निवडावी.

नोंदींची पडताळणी हाही देखरेखीचा भाग आहे. ‘असर’मध्ये स्वयंसेवकांनी भेट दिलेल्या काही गावांत मुख्य प्रशिक्षक पुन्हा जाऊन माहिती ताडून पाहतात. ही तपासणी सर्वांनाच लागू आहे हे आधी सांगितलेले असले की तिचा अपमान वाटत नाही.

अभिप्राय, तक्रार आणि निरोप

चूक झाल्यास ती लवकर, एकांतात आणि कृतीपुरती सांगणे हा सर्वमान्य नियम आहे. ‘तू बेजबाबदार आहेस’ या वाक्याने स्वयंसेवक दुखावतो. ‘काल तीन घरांची नोंद राहिली, ती आज सायंकाळी पूर्ण करू’ या वाक्यात दुरुस्तीची वाट दिसते. कौतुकही असेच नेमके असावे लागते. सरसकट शाबासकीने मन लावून काम केलेल्याला आणि नुसत्या हजर राहिलेल्याला एकच माप लागते.

तक्रारीसाठी पर्यवेक्षकाखेरीज आणखी एक व्यक्ती ठरवून दिलेली असणे गरजेचे आहे, कारण तक्रार पर्यवेक्षकाविरुद्धही असू शकते. कामाचा काळ संपल्यावर प्रमाणपत्राबरोबर दहा मिनिटांचे मोकळे बोलणे झाले, तर सोडून जाणाऱ्याकडून संस्थेला स्वतःच्या उणिवा कळतात. वारंवार सांगूनही शिस्त न पाळणाऱ्या स्वयंसेवकास काम थांबवण्यास सांगणे हेही पर्यवेक्षकाचे कर्तव्य ठरते.

गाव-शिबिरातील पर्यवेक्षण: एक नमुना

वरील टप्पे प्रत्यक्षात कसे उतरतात हे समजण्यासाठी परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावातील सात दिवसांच्या शिबिराची कल्पना करता येते. पेडगाव हे परभणी–मनमाड लोहमार्गावरील काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यातील गाव आहे. पुढील वर्णन प्रत्यक्ष झालेल्या शिबिराचा वृत्तान्त नसून केवळ नमुना आहे.

शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. या दिवसांत या भागात कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी चालू असते, ज्वारी व हरभरा शेतात उभा असतो. सकाळी दहा वाजता सर्वेक्षणाला निघालेल्या विद्यार्थ्यांना बहुतेक घरांना कुलपे दिसतील, किंवा घरी केवळ वृद्ध माणसे व लहान मुले भेटतील. दोन दिवस असे गेले की काही विद्यार्थी अंदाजाने तक्ते भरू लागतात. वरवर हा अप्रामाणिकपणा दिसतो. त्याचे मूळ मात्र चुकीच्या वेळापत्रकात असते. शिबिरापूर्वी सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्याशी बोलून घेतले, तर सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि दिवेलागणीच्या सुमारास सर्वेक्षण असा क्रम आधीच ठरवता येतो.

50 शिबिरार्थींचे 10-10 जणांचे पाच गट केल्यास कार्यक्रम अधिकाऱ्याला रोज पाच गटप्रमुखांशी सविस्तर बोलता येते. दोन गट सर्वेक्षणावर असतील तर त्यांतून दोघादोघांच्या 10 जोड्या होतात. प्रत्येक जोडीची एक-दोन घरे पर्यवेक्षकाने पुन्हा पाहिली, तरी नोंदींच्या दर्जाचा अंदाज येतो.

समजा, दुसऱ्या गटाकडे सांडपाण्यासाठी शोषखड्डे घेण्याचे काम आहे. टिकाव, फावडी आणि घमेली हाती पडली की उत्साहात जागा सोयीनुसार निवडली जाते. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला किंवा बोअरला खेटून घेतला गेला, तर स्वच्छतेसाठी केलेल्या श्रमदानातूनच पाणी दूषित होण्याचा धोका असतो. शिवाय काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते, त्यामुळे खड्ड्याचा आकार व खोली जाणकाराला विचारून ठरवावी लागते. पहिली कुदळ पडण्याआधी जागा स्वतः पाहणे हे येथील पर्यवेक्षणाचे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. विद्यार्थी सात दिवसांनी परत जातात. खड्डा मात्र गावात राहतो.

रात्रीच्या आढावा बैठकीत तीन प्रश्न पुरेसे असतात: आज काय झाले, कोठे अडले आणि उद्या काय बदलायचे. गटप्रमुखांनी आधी बोलायचे आणि अधिकाऱ्याने शेवटी, हा क्रम पाळला तर खरी माहिती पुढे येते. शेवटच्या दिवशी सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामस्थांसमोर वाचून दाखवल्यास दिलेली माहिती कशासाठी होती हे गावालाही कळते.

सुरक्षितता आणि कायदेशीर बाजू

स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर व तिच्या वतीने पर्यवेक्षकावर असते. शिबिरात प्रथमोपचार पेटी, पिण्याचे शुद्ध पाणी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा संपर्क, पालकांचे संमतिपत्र आणि मुलींसाठी स्वतंत्र निवास व महिला प्राध्यापकांची उपस्थिती या किमान गोष्टी मानल्या जातात. विहिरी, तलाव, लोहमार्ग व विजेचे पंप यांच्या परिसरात एकट्याने न जाण्याचा नियम पहिल्या दिवशीच सांगावा लागतो. मराठवाड्यातील उन्हाळा तीव्र असल्याने एप्रिल-मे महिन्यांतील श्रमदान पहाटे किंवा सायंकाळनंतर ठेवावे लागते. पाणी फाउंडेशनच्या 2016 पासून झालेल्या वॉटर कप स्पर्धा उन्हाळ्यातच असल्याने अनेक गावांनी रात्रीही श्रमदान केले.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, 2013 यातील ‘कर्मचारी’ या संज्ञेत स्वेच्छेने काम करणाऱ्या महिलांचाही समावेश आहे. म्हणजे वेतन नसले तरी संरक्षण लागू होते. मुलांबरोबर काम करताना बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा पर्यवेक्षकाला माहीत असणे आवश्यक आहे. सर्वेक्षणात मिळालेली कुटुंबांची खासगी माहिती व छायाचित्रे परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हेही प्रशिक्षणातच सांगावे लागते.

आपत्तीच्या वेळी पर्यवेक्षणाची गरज आणखी वाढते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर राज्यभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. अशा प्रसंगी आपणहून आलेल्या लोकांची एकाच ठिकाणी नोंदणी, कौशल्यानुसार विभागणी आणि विश्रांतीची सक्ती या तीन गोष्टी नसतील, तर मदतीला आलेल्यांचाच भार यंत्रणेवर पडतो.

पर्यवेक्षकाची जडणघडण

चांगला स्वयंसेवक आपोआप चांगला पर्यवेक्षक होत नाही. स्वतः भराभर काम उरकण्याची सवय असलेल्या व्यक्तीला इतरांचे संथ काम पाहवत नाही. ती त्यांच्या हातातले काम काढून घेते आणि काही दिवसांत सारा भार एकटीवर आल्याची तक्रार करते. ‘मी किती केले’ याऐवजी ‘माझ्यावाचून किती चालले’ या मापाने स्वतःकडे पाहू लागणे, हा पर्यवेक्षकाच्या वाढीतील कठीण टप्पा होय.

या वाढीला काही सवयी उपयोगी पडतात. रोजनिशीत घटनांबरोबर घेतलेले निर्णय व त्यांची कारणे लिहिली, तर काही महिन्यांनी स्वतःच्या चुकांतील सातत्य दिसते. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात व्यावसायिकांच्या अशा कृतीनिष्ठ चिंतनाचे महत्त्व मांडले आहे. दुसऱ्या संस्थेच्या शिबिरास केवळ निरीक्षक म्हणून जाणे, स्वयंसेवकांकडून नाव न लिहिता अभिप्राय मागवणे आणि दरवर्षी एखादे काम पूर्णपणे नव्या गटप्रमुखाकडे सोपवणे याही उपयुक्त सवयी आहेत. जबाबदारी सोपवताना अधिकारही सोपवावा लागतो. खर्चाच्या लहान रकमेचाही निर्णय घेऊ न शकणारा गटप्रमुख निरोप्या होऊन राहतो.

पर्यवेक्षकाचा थकवा हा दुर्लक्षित विषय आहे. अनेक ठिकाणी तो स्वतःही मूळ नोकरी सांभाळून हे काम करणारा असतो. सहपर्यवेक्षक नेमणे आणि ठरावीक मुदतीनंतर जबाबदारी बदलणे यामुळे व्यक्तीचा थकवा टळतो व संस्था एका व्यक्तीवर अवलंबून राहत नाही.

टीका आणि मर्यादा

स्वयंसेवी कामाच्या संघटनेवर काही आक्षेप घेतले जातात. कायम स्वरूपाची आणि कौशल्याची कामे स्वयंसेवकांवर टाकून पगारी पदे रिक्त ठेवणे हा त्यांतील प्रमुख आक्षेप आहे. पर्यवेक्षकाने अशा वेळी स्वयंसेवकाच्या कामाची सीमा आखून देणे अपेक्षित असते. गुणांसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी सक्तीने केलेल्या कामास ‘स्वयंसेवा’ म्हणावे का, हा दुसरा प्रश्न आहे. अल्पमुदतीच्या शिबिरांत गावापेक्षा विद्यार्थ्यांच्या अनुभवालाच अधिक महत्त्व मिळते, अशीही टीका होते. एकच गाव सलग काही वर्षे दत्तक ठेवणे आणि मागील वर्षीच्या कामाच्या पाहणीने पुढील शिबिराची सुरुवात करणे हे त्यावरील उपाय सांगितले जातात.

पर्यवेक्षण अति झाले तर स्वयंसेवा नोकरीसारखी होते, अशी भीतीही व्यक्त केली जाते. लहान मंडळांना तक्ते व अहवाल यांचे ओझे पेलत नाही. अशा ठिकाणी हजेरीपट, कामाची नोंदवही आणि आठवड्याची एक बैठक एवढी चौकट पुरेशी ठरते.

जागतिक पातळीवर

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1985 मध्ये 5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला. 2001 हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून पाळले गेले आणि शाश्वत विकासाच्या संदर्भात 2026 हे वर्षही स्वयंसेवकांसाठी घोषित करण्यात आले. भारतात राष्ट्रीय सेवा योजनेतील उल्लेखनीय कामासाठी स्वयंसेवकांबरोबरच कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात.

हेही पहा

राष्ट्रीय सेवा योजना
श्रमदान
संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान
राष्ट्र सेवा दल
पंढरपूरची वारी
परभणी जिल्हा